आईसाठी निवडलेली वासाची झाडं

काचबिंदूनं आईची नजर पुरती गेली, त्यानंतर मी तेर गावातल्या आमच्या घराच्या मागं विटांचा कमरेएवढा उंच वाफा बांधून घेतला. तिला वाकता येत नव्हतं आणि जमिनीवरच्या वाफ्यांत तिचा पाय पडायचा. इथं मात्र विटांना धरून उभं राहिलं की हात थेट मातीत.

मी धाराशिवला शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर एकदा तिथल्या रोपवाटिकेत गेले.

"ताई, नुसती काळी माती भरू नका, दगड होईल तिचा," रोपवाटिकेवाले म्हणाले. "तांबडी माती अन् शेणखत मिसळा. झाडं उथळ मुळांची घ्या."

"वासावरून ओळखता येतील अशी द्या. आईला दिसत नाही."

गुलाबाला काटे, म्हणून तो नको. गवती चहाच्या पातीनं बोट कापतं, तो उचललेला परत ठेवला. पुदिना, पानओवा, सब्जा आणि आईच्या आवडीचा मरवा घेतला. पुदिना सगळीकडं पसरतो, म्हणून त्याच्या बाजूनं फरशीचा तुकडा उभा रोवला.

संध्याकाळी मी एसटीनं घरी यायचे तेव्हा आई वाफ्यापाशी उभी असायची. पान चुरगाळून नाकाशी न्यायची. "हा ओवा. हा सब्जा." एकदाही चुकायची नाही. शाळेत मी कौतुकानं सांगत सुटले होते.

उन्हाळा लागताना मरवा वाळला. मी तो उपटून टाकला, आईला सांगायचं राहून गेलं. त्या जागी तण उगवलं. एका संध्याकाळी तिनं त्याच तणाचा पाला चुरगाळला, हुंगला आणि म्हणाली, "मरवा लई घमघमतोय बघ."

"आई, ते तण आहे."

तिचा हात तसाच नाकापाशी राहिला.

"मला वास येत न्हाय गं," ती म्हणाली. "तो मोठा ताप आला हुता ना, तवापासून."

ताप वाफा बांधायच्या आधीचा. म्हणजे एकाही झाडाचा वास तिला कधी आलाच नव्हता. कुठल्या कोपऱ्यात काय लावलंय ते तिनं पाठ केलं होतं.

"मग रोपं आणली तेव्हा का बोलली नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणली. अन् वाटलं, येईल माघारी."

मला तिचा राग आला. वर तिला म्हणाले, "मग मी हे सगळं कुणासाठी केलं?" ती चाचपडत आत गेली. ते वाक्य मला परत घेता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वास परत येण्याची आता फार आशा नाही. मी हाताला कळतील अशी झाडं आणली, कोरफड, मेथी. आई एकदाच वाफ्यापाशी आली, माझं मन राखायला, आणि कोरफडीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. पुढं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायला लागलं. उंच वाफा चारी बाजूंनी तापतो, खालच्यापेक्षा लवकर सुकतो. सगळ्यात शेवटी ओवा गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर मी विचारलं, "काय लावू या गं?"

"तुला वाटंल ते लाव," ती म्हणाली.

मी काहीच लावलं नाही. जेवणाचीही चव तिला कळत नाही. किती खाल्लं ते मीच बघते. संध्याकाळी चपलांच्या आवाजावरून ओळखून ती आतूनच विचारते, "आलीस?" मी हो म्हणते.