बिअरचा काढा

मस्कतला बौशरमध्ये आम्ही दोघे एका फ्लॅटमध्ये राहायचो, मी रत्नागिरीचा आणि माझा मित्र वसईचा ख्रिश्चन. २०१४ च्या आसपासची गोष्ट. त्याचं जवळच्याच सीब गावातल्या एका मुलीवर प्रेम बसलं. मुलीच्या वडिलांनी जन्मभर हॉटेलांचे बार सांभाळलेले. ते ह्याला म्हणाले, "तू घरी बिअर करतोस म्हणे. एकदा पाज, मग लग्नाचं बोलू." झालं! ह्यानं मुलीपुढे नुसती फुशारकी मारली होती. ह्याला चहासुद्धा धड जमायचा नाही.

जहाजावरच्या चुलतभावानं माल्टचा पाक आणि हॉप्स, म्हणजे बिअर कडू करणारी वाळकी फुलं, आणून दिली. घरात असले उद्योग करायला मनाई, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. बिअर हवी बादलीभर आणि भांडं एकच, डाळीचं पातेलं. तो म्हणाला, "मोठं पातेलं आणू या. सगळं पाणी घालूनच उकळायचं असतं. घट्ट पाकात कडूपणा नीट उतरत नाही, मी वाचलंय."

माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून काढे पीत आलेला मी, मला हा उकळणं शिकवणार? "अरे, काढा आटवला की कडू होतो! दाट उकळू, मग वरून पाणी ओतू." बिचाऱ्यानं तेच पातेलं गॅसवर चढवलं. तेवढ्यात शेजारच्या मल्याळ्यानं दार वाजवलं, "क्या पक रहा है?" मी ठोकून दिलं, "खांसी का काढा." लगेच तो खोकत खोकत कप घेऊन हजर! त्याला द्यावाच लागला. वर दुसऱ्या दिवशी म्हणतो, खोकला गेला.

मग बादलीत पाणी आणि यीस्ट घालून ते आंबत ठेवलं. काही आठवड्यांनी एका शुक्रवारी मुलीचे वडील आले. एक घोट घेऊन ग्लासात वाकून बघायला लागले. "कडूपणा कुठाय?" मीही चाखली. अरे देवा! नुसतं गुळाचं पाणी. घट्ट पाकात कडूपणा उतरलाच नव्हता, आणि जो काही उतरला तो वरच्या पाण्यात मेला. चूक भांड्याची होती, माझी नव्हे, असं मी आजही म्हणतो.

मी स्वयंपाकघरात पळालो, उरलेले हॉप्स साध्या पाण्यात खळखळा उकळले आणि तो अर्क आणून समोर ठेवला. वडिलांनी चमचाभर जिभेवर घेतला. त्यांचं तोंड बघून मला वाटलं, मोडली सोयरीक. मित्र पांढराफटक पडला. खरं तर त्यानं माझ्याकडे बोट दाखवायचं, पण गाढव म्हणतो कसा, "अंकल, मला बिअर येतच नाही. थाप मारली. मुलगी मात्र मनापासून आवडते."

अंकलनी ग्लास पुढे ओढला. ग्लासात थोडी बिअर, थोडा अर्क, पुन्हा बिअर, असं ढवळत बसले. चाखलं, मान डोलावली आणि ग्लास पुरा संपवला.

"साखरपुडा कधी करायचा?"

ऑफिसात कुणी 'काम कधी होणार' विचारलं की जे बोलायचा तेच मित्राच्या तोंडून निघालं, "इन्शाल्ला, अंकल."

"इन्शाल्ला नको," ते म्हणाले. "तारीख सांग."