बा अल्लालचं तळं आणि तीन बादल्या गाळ

ईदच्या आधी माझा हमाम, म्हणजे गावाचं न्हाणीघर, चकाचक करावा म्हणून मी ब्लीचचे चार डबे फरशीवर ओतले आणि सगळं मोरीत लोटून दिलं. फरशीत तोंड दिसायला लागलं. मोरीचं पाणी पुढे बा अल्लालच्या तळ्यात जातं हे मला ठाऊक होतं. तळ्यात कुणी राहतं, यावर मात्र माझा विश्वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर गुडघाभर फेस चढला. लांबून वाटावं, पाण्यावर मेंढरं झोपलीत. त्यातली काही उठून शेजारच्या लल्ला रकियाबाईच्या पुदिन्याच्या मळ्यात शिरली होती.

बा अल्लाल काठावर बसला होता. तरुणपणी तो नदीवर गालिचे धुवायचा. साबणानं बोटं इतकी गुळगुळीत झाली की ओळखपत्रासाठी ठसे उमटेनात. कचेरीनं त्याला तीनदा परत पाठवलं. बायको गेली, मुलगा दूर अगादिर शहरात. बावीस वर्षांपूर्वी एका इंजिनिअरबाईनं हे तळं खणलं आणि त्याच्या हवाली केलं. हमामचं पाणी चरातून इथे येतं, मुरून, निवळून पुदिन्याला जातं.

बाईनं शिकवलेलं तो जपमाळ हातात घेऊन सांगतो. "साबणाच्या कणाला डोकं असतं आणि शेपूट. तळाशी बारीक जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते शेपूट कुरतडतात, दोन-दोन मणी." तो दोन मणी सरकवतो. "शेपूट संपलं की फेस संपला."

"मग आता का कुरतडत नाहीत?"

"जेवणारेच मारलेस, पोरा. ताट कोण रिकामं करणार?"

तेवढ्यात लल्ला रकिया जुडी झटकत आली. "अल्लाल, गिऱ्हाइकानं पुदिन्याचा चहा प्यायचा की त्यात कपडे भिजवायचे?"

"दोन गुरुवार दे, बाई."

"दोन गुरुवारचे बाजार बुडवीन. तिसऱ्याच्या आत निवळलं नाही तर नगरपालिकेला सांगून चर बुजवते. आणि या हमामवाल्यालाही त्यातच."

चर बुजला की तळं आटणार. बा अल्लालचे मणी सरकायचे थांबले.

दोन दिवस आम्ही झऱ्याचं पाणी सोडून तळं धुतलं. मग माझ्या तीनचाकीतून वरच्या गावी मिमूनकडे गेलो. त्याचंही असंच तळं. त्याचं नि बा अल्लालचं वर्षानुवर्षं वाकडं.

"माझं पाणी डबक्याचं, असं बाजारात कोण म्हणायचं?" मिमूननं विचारलं.

"मी," बा अल्लाल म्हणाला.

"आता काय म्हणशील?"

"आता तीन बादल्या गाळ दे म्हणतो."

मिमून पोट धरून हसला. पण बादल्या त्यानं स्वतः भरल्या, तळातल्या काळ्याभोर गाळानं. "उधार आहे. तीन बादल्या परत, आणि जिवंत."

वाटेत बा अल्लाल मागे बादल्यांना टेकून बसला. खड्डा आला की म्हणायचा, "हळू. झोपलेत." गाळ त्यानं ओंजळीओंजळीनं सोडला, पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यावं तसा.

मग नुसतं बसणं. हमामात मी फक्त ऑलिव्हच्या तेलाचा सौम्य काळा साबण ठेवला आणि दुपारी काठावर यायचो. प्रत्येक बुडबुड्यात एक आभाळ, एक उलटा बा अल्लाल. एकदा डुलकी लागली तर तळाशी गर्दी दिसली; सगळे मांडी घालून, मान खाली, दोन-दोन मणी सरकवत. जागा झालो तेव्हा मेंढरं थोडी रोडावली होती. का कोण जाणे, मी कुजबुजतच बोलायला लागलो.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी लव्हाळ्याच्या बुंध्याशी मूठभर फेस उरला होता. लल्ला रकियानं नव्या फुटीचं एक पान तोडलं, बराच वेळ चघळलं, आणि एक जुडी बा अल्लालच्या गुडघ्याशी ठेवून बाजाराला गेली. मणी पुन्हा सरकायला लागले.

वसंतात मिमूनला दोन बादल्या पोचवल्या. तिसरी भरून तयार आहे, ओल्या पोत्याखाली. मी तीनचाकी काढली की दर वेळी बा अल्लाल म्हणतो, "आज ऊन फार आहे. त्यांना सोसायचं नाही."