ब्लेडच्या कागदावरचं लासं

१९९४ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आणि तोवर कुणापुढं मान खाली घातली असेल तर ती फक्त आप्पा न्हाव्यापुढं. तीही पंधरा दिवसांनी एकदा, खुर्चीत बसून. आप्पा दोन बोटांनी डोकं दाबायचा आणि म्हणायचा, "घाला खाली तात्या. हितं कुनी बघत न्हाई."

"तू बघतोस की!" मी म्हणायचो.

आप्पाची नजर वाईट. म्हणजे चांगलीच, पण माणसाला नकोशी. कुणाच्या डोक्यात चाई पडली, कुणाच्या कानामागं गाठ आली, हे घरच्यांआधी त्याला कळायचं. गिऱ्हाईक उठून गेलं की कधीकधी तो ब्लेडच्या वेष्टनाच्या कागदावर बॉलपेननं काहीतरी काढायचा आणि फणीच्या डब्यात ठेवायचा. विचारलं तर हसायचा. हसून उत्तर टाळणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून भरवसा नाही.

माझ्या मानेवर लासं होतं, जन्मापासूनचा काळा डाग. आई सांगायची, मी पोटात असताना तिनं ग्रहणात वांगं चिरलं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा ग्रहण सोडलं, वांगं तेवढं ठेवलं.

त्या दिवाळीत आप्पा म्हणाला, "तात्या, हे वाढलंय. नगरला दावून या."

"उसाच्या मोळ्यांनी घासलं असंल. उन्हानं काळं पडलं."

"ऊन काय एवढ्याच जागी लागतं व्हय? याची कड मोडलीय, आन रंग दोन झाल्यात."

मला वाटलं, यानंच वस्तरा लावला असणार, आणि आता अंग काढतोय. नाहीतर डॉक्टरशी काही साटंलोटं असेल. म्हणालो, "मग तूच उडव की वस्तऱ्यानं."

त्यानं वस्तरा मिटला. "डाक्टरला दावल्याबिगर तुमच्या डोक्याला हात लावनार न्हाई."

दुकानात चार माणसं बसलेली. मी गळ्यातलं फडकं फेकून उठलो. हे वाक्य आमच्या घरात जुनं होतं. आप्पाच्या बापानं माझ्या बापाला हेच ऐकवलं होतं, फक्त डॉक्टरचं नाव न घेता. आमच्या वस्तीतले लोक तेव्हा एकमेकांचे केस कापायचे. बापाशी भांडून आम्हाला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं ते आप्पानंच, म्हणून तर जास्त लागलं. शेवटी बापावरच गेला, असं मी वस्तीभर सांगत सुटलो.

तीन महिने सोनईला जाऊन केस कापले. तिथला कारागीर रेडिओ ऐकत कात्री चालवायचा, मानेकडं बघायचासुद्धा नाही. मला बरं वाटायचं. मग लासं खाजायला लागलं. एकदा उशीवर रक्ताचा ठिपका दिसला. कुणी म्हणालं, चुना आणि धुण्याचा सोडा लावा, जळून जाईल. आमच्या मंडळींनी वाटीत कालवूनही ठेवला.

त्याच संध्याकाळी आप्पा वस्तीवर आला, काखेत दोन आरसे घेऊन. उंबऱ्यात बसला, वाटी बघितली आणि उचलून बाहेर पालथी केली. "जाळू नका, कापू नका. फकस्त दावा."

"का? माझ्या डोक्याचा विटाळ झाला का तुला?"

त्यानं खिशातून ब्लेडचे तीन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. "हे पाडव्याचं. हे पोळ्याचं. हे दिवाळीचं."

पहिल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं लासं. दुसऱ्यावर तुरीएवढं. तिसऱ्यावर अळीनं कुरतडल्यासारखी कड. मला अक्षरं जड जातात, पण हे वाचता आलं. मग त्यानं एक आरसा मागं, एक पुढं धरून माझी मान मलाच दाखवली. आता ते तिसऱ्या कागदाच्याही पुढं गेलं होतं.

"आरसा मोठं दाखवतो," मी म्हणालो.

"तात्या, माज्या बापानं तुमच्या डोक्याला हात लावला न्हाई. त्याला हे जल्मात दिसलं नसतं. मी लावला, म्हनून दिसलं. आता तोंड फिरवू का?"

मंडळींनी त्याच्यापुढं चहा ठेवला. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी अजून आहे. पण त्या संध्याकाळी त्याला साधं "बरं" सुद्धा म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं नगरला गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. खरं सांगायचं तर त्यांचाही भरवसा वाटत नव्हता. मी तीन कागद टेबलावर ओळीनं मांडले, स्टुलावर बसलो, आणि कुणी न सांगता मान खाली घातली.