पातीचा हरवलेला कोपरा

सलीम मिस्त्रीच्या गॅरेजात जुने प्लग टाकायचा एक डबा आहे. भरला की भंगारात जातो. किस्से मात्र भंगारवाला घेत नाही, म्हणून ते माझ्याकडं साचत राहतात. मी सातवी नापास, सगळा जन्म एसटीच्या टायरात हवा भरण्यात गेला. पण उदगिरात बिघडलेल्या गाडीपाशी सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही, स्टूल लागतं. ते माझं ठरलेलं आहे.

* * *

सुषमा मॅडम शाळेत पीटी शिकवतात आणि सुट्टीत मातीतल्या शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी पळवतात. मागच्या खेपेला मुरुडला गाडी मधेच बंद पडली. सासरे दगडूतात्या कौतुकानं बघायला गेले होते. त्यांना व्याह्यांदेखत ती रस्त्यापर्यंत ढकलावी लागली.

पुढची शर्यत तोंडावर आली तसे तात्या गॅरेजात आले. "जयभीम मिस्त्री. आता बंद पडली की तिथंच विकणार. कंधारचं गिऱ्हाईक संगं घेऊनच येतो."

गाडीपाशी उभ्या मॅडमचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "तात्या, गिऱ्हाईक दणकट बघा. ढकलत न्यावं लागंल."

* * *

गाडीचा रोग असा, की चालू व्हायला शंभर नखरे, आणि झाली की कार्बोरेटरातून पेट्रोल उलटं थुंकायची. सलीमनं प्लग बदलला. थुंकली. कार्बोरेटर धुतला. थुंकली. शेजारच्या चहावाल्या गुंडप्पानं लिंबू-मिरची बांधली. तिच्यावरही थुंकली.

"अप्पा, रीड वॉल्व्ह दिसतोय," सलीम मला म्हणाला.

"मग तोंड दाखव त्याचं," मी म्हणालो.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधून त्यानं तंबूच्या आकाराचं काहीतरी काढलं. दोन्ही उतारांवर पातळ पात्या. इंजिननं श्वास घेतला की त्या उघडायच्या, नाहीतर गपकन मिटायच्या.

मी गुंडप्पाला म्हणालो, "कार्बोरेटरच्या बाजूनं तोंड लाव अन् ओढ. हवा आली तर पात्या गेल्या."

तपासणी खरी आहे. फक्त आधी पुसून घ्यायचं असतं, ते मी सांगायचं राहिलं.

"आली का हवा?"

ऑइलनं काळे झालेले ओठ पुसत गुंडप्पा म्हणाला, "हवा बी आली, जेवण बी आलं."

* * *

सलीमनं पात्या उन्हात धरल्या. टोकं कुरतडल्यासारखी झाली होती. पण त्याचं लक्ष भलतीकडंच गेलं. एका पातीचा कोपराच नव्हता!

"तुकडा इंजिनात गेला, अप्पा. आता पिस्टन खाणार."

झालं, अख्खं इंजिन उघडलं. तुकडा नाही. सायलेन्सर झटकला. नाही. ऑइल गाळायला गुंडप्पाची चहाची गाळणी आणली. त्यातही नाही. दुसऱ्या पातीचाही नेमका तोच कोपरा गायब होता. मग आम्ही दोन तुकडे शोधायला लागलो.

गाळणी धुऊन परत दिली. संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं चहाचा घोट घेऊन विचारलं, "गुंडप्पा, आज काय नवीन मसाला टाकून राहिलास?"

* * *

हैदराबादच्या दुकानातून नव्या पात्या आल्या. पाकीट फोडलं आणि सलीमचं डोकं फिरलं. ह्यांचाही तोच कोपरा नाही!

त्यानं फोन लावला. "भाई, टूटा माल क्यों भेजा?"

पलीकडचा शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, वो कोना कंपनी खुद काटती है. पत्ती उल्टी ना बैठे इस वास्ते."

सलीमनं फोन खाली ठेवला. बाकावर इंजिन पसरलं होतं. गाडी न्यायला आलेल्या मॅडमनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "बघा, दोन्ही तुकडे सापडले. कंपनीतच राहिले होते."

मॅडम हसल्या नाहीत. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

* * *

सलीमनं कोपऱ्याला कोपरा लावून पात्या बसवल्या आणि इंजिन घाईघाईनं जोडलं. मुरुडच्या मैदानात मॅडमनं पहिलीच किक मारली आणि गाडी फुटाण्यासारखी तडतडली. सगळ्या फेऱ्या झाल्या, कुठं अडकली नाही. नंबर तिसरा आला. मॅडम आमच्यापाशी येऊन थांबल्या आणि बंद करायचं बटण दाबलं.

गाडी चालूच.

पुन्हा दाबलं. चालूच. सलीम कानात म्हणाला, "अप्पा, बटणाची वायर जोडायची राहिली."

तो हातानं सायलेन्सरचं तोंड दाबायला गेला, पोळला. गुंडप्पानं पेट्रोलचा कॉक समजून भलतंच काहीतरी फिरवलं. आवाज आणखी वाढला. माणसं गोळा झाली. मी काय करावं ते कळेना, म्हणून सगळ्यांना मागं सरकायला सांगत सुटलो.

एवढ्यात गर्दीतून दगडूतात्या आले, मागं कंधारचा माणूस. तात्यांनी गाडीकडं पाहिलं, घामाघूम सुनेकडं पाहिलं. कंधारवाला वाकून ओरडला, "तात्या, बंद कशी करायची ही?"

तात्यांनी टोपी नीट केली.

"आमच्या सूनबाईची गाडी बंद पडत नसती. तुम्ही निघा."