उल्का देशकरांचं अर्धं वाक्य

लेटरबॉक्समधून पत्रक आत पडलं तेव्हा उल्काताई पोळ्या लाटत होत्या. पिठाचे हात पुसत त्यांनी ते उचललं, तर समोर स्वतःचाच चेहरा. मोरपिशी साडी, कपाळावर टिकली, तोंडभर हसू. फोटोवर मोठ्या अक्षरांत कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, नेहमीचं ब्रीद होतं, ‘यू सेड, वी डिड’, तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं. फोटोखाली अवतरणात त्यांचंच वाक्य: ‘काळाप्रमाणे सेवा बदलायलाच हव्यात.’ आणि त्याखाली बातमी. गावातलं म्हाताऱ्या माणसांचं डे सेंटर मार्चमध्ये बंद होणार, त्याऐवजी सगळ्यांना घरबसल्या वापरायला एक ॲप मिळणार.

वाक्य त्यांचंच होतं, पण अर्धं. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या, “काळाप्रमाणे सेवा बदलायलाच हव्यात, पण जिला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही तिच्या हातात तुम्ही ॲप देणार असाल, तर तो बदल नाही, क्रूर थट्टा आहे.” कुणीतरी ऑफिसात बसून स्वल्पविरामापाशी कात्री चालवली होती.

तव्यावरची पोळी करपली. उल्काताईंनी गॅस बंद केला आणि पत्रक हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा श्रीनिवास डॉक्टर, त्याच्या नोकरीमुळे इकडे इंग्लंडला आल्या आणि बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त होईपर्यंत राबल्या. राहायला बर्मिंगहॅमबाहेरचं हे छोटं गाव. निवृत्तीनंतर घरात मन रमेना, म्हणून त्या डे सेंटरला जायला लागल्या. खुर्चीत बसल्या बसल्या करायचे व्यायाम शिकवायच्या. तिथे जमैकाहून आलेले बस ड्रायव्हर होते, पंजाबी आज्या होत्या, इथल्याच कारखान्यांत आयुष्य काढलेले इंग्रज होते. आणि नीनाची आई होती. नीना पोलंडची, सुपरमार्केटच्या बेकरीत कामाला. आईची स्मृती गेलेली. आई सेंटरला असायची तेवढ्याच वेळात नीनाला नोकरी करता यायची.

शरद ऋतूत कौन्सिलमधल्या सारा नावाच्या तरुण अधिकारी बाईचा फोन आला होता. नागरिकांचं एक पॅनेल बनवतोय, सगळ्या समाजांचा आवाज पोहोचला पाहिजे, तुम्ही याल ना? उल्काताईंना आनंद झाला. मग ईमेल आला. त्यात तळाशी लिहिलं होतं की आवडत असेल तर पारंपरिक पोशाखात या. नोव्हेंबरच्या त्या गारठ्यात त्या साडी नेसून गेल्या. आवाज ऐकायला बोलावलंय असंच त्यांना वाटलं होतं.

त्याच दुपारी नीना दारात आली. बेकरीचा ॲप्रन अंगावर तसाच. हातात तेच पत्रक.

“तुला काय दिलं त्यांनी?” तिने विचारलं.

“नीना, मी असं म्हटलंच नव्हतं.”

“फोटो तुझाच आहे ना? हसतेयस ना तू? मार्चनंतर मी आईला कुठे ठेवू ते सांग. तुझ्या घरी?”

उल्काताईंनी पूर्ण वाक्य सांगायचा प्रयत्न केला. नीना ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. फक्त पत्रक पायपुसण्यावर टाकून निघून गेली. उल्काताईंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या कौन्सिलच्या ऑफिसात धडकल्या. सारा खाली भेटायला आली, कॉफी विचारली.

“कॉफी नको. माझं वाक्य पुरं करा.”

“मिसेस देशकर, तुम्ही ते शब्द वापरले होते. जागेअभावी थोडं संक्षिप्त केलंय.”

“संक्षिप्त? मी ‘नाही’ म्हणाले, तुम्ही ‘हो’ छापलंत! आणि ज्यांचं सेंटर बंद करताय त्यांच्यातल्या एकाला तरी पॅनेलवर घेतलं होतं का?”

सारा म्हणाली, “त्यांच्याशी संवाद साधणं अवघड असतं. म्हणून तर आम्ही तुमच्यासारख्यांना बोलावतो.”

तुमच्यासारख्यांना. म्हणजे साडी नेसून येणाऱ्या, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या आणि घरी जाऊन गप्प बसणाऱ्या बायकांना. उल्काताई तिथून तडक निघाल्या.

घरी श्रीनिवास म्हणाला, “अगं, सोड ना. चिडून काय होणार? शेवटी आपण बाहेरचे.”

“बाहेरचे?” उल्काताई इतक्या जोरात ओरडल्या की तो खुर्चीत सरळ झाला. “अहो, या गावातले निम्मे गुडघे मी चालते केलेत! तुम्ही इथल्या लोकांची हृदयं तपासत म्हातारे झालात. टॅक्स भरताना बाहेरचे नव्हतो, फोटोसाठी बाहेरचे नव्हतो. तोंड उघडलं की लगेच बाहेरचे?”

सेंटरच्या ठरावासाठी कौन्सिलची सभा होती त्या संध्याकाळी श्रीनिवासनेच गाडी काढली, आणि वाटेत कुणाकुणाला घ्यायचंय ते विचारलं.

त्याआधी उल्काताई बेकरीत जाऊन नीनाला भेटल्या होत्या. माफी मागायला नाही, कारण चूक त्यांची नव्हती. “तुझ्या आईला घेऊन सभेला ये,” एवढंच त्या म्हणाल्या. नीना पाव रचत राहिली. पण आली. सेंटरची बरीच मंडळी आली. काठ्या, वॉकर, दोन व्हीलचेअर. प्रेक्षकांसाठीच्या जागेत व्हीलचेअर मावेनात, म्हणून त्या दारातच ठेवाव्या लागल्या आणि येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून गेले.

जनतेतल्या माणसाला बोलायला तीन मिनिटं. उल्काताई उठल्या. त्यांनी पत्रक वर धरून आपलं वाक्य पूर्ण वाचलं. मग थोडं थांबून पुन्हा वाचलं.

“तुमचा प्रश्न काय आहे?” अध्यक्ष म्हणाले. “नियमानुसार प्रश्न विचारावा लागतो.”

“प्रश्न हाच, की माझं तोंड वापरून खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

तेवढ्यात मागून नीनाची आई पोलिश भाषेत काहीतरी मोठ्याने बोलायला लागली. बहुधा तिला घरी जायचं होतं. अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “त्या बाईंना कृपया बाहेर न्या, कामकाजात अडथळा येतोय.”

उल्काताईंचा आवाज चढला. “अडथळा? सेंटर त्यांचं आहे! आज पहिल्यांदा त्या या खोलीत बोलताहेत आणि तुम्ही त्यांना बाहेर काढताय? वर भिंतीवर लिहून ठेवलंय, ‘सर्वांना सामावून घेणारं गाव’. खाली काढा ते!”

मायक्रोफोन बंद करण्यात आला. त्या तशाच बोलत राहिल्या. सदस्यांपैकी काही जण फोनमध्ये बघत होते. मतदान झालं आणि सेंटर बंद करण्याचा ठराव पास झाला. बाहेर येताना एक सदस्य हसत म्हणाला, “इतकं वाटतं तर स्वतःच निवडणुकीला उभ्या राहा की.”

तो टोमणा होता. उल्काताईंनी घरी जाऊन नियम शोधले. त्यांचा पासपोर्ट अजून भारताचाच होता. तरीही कॉमनवेल्थमधल्या, म्हणजे राष्ट्रकुलातल्या, देशाची नागरिक आणि इथली कायमची रहिवासी म्हणून त्यांना उभं राहता येत होतं. इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ना कौन्सिलने, ना आपल्या लोकांनी. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही नीनाने केली. मे महिन्यातल्या निवडणुकीआधी श्रीनिवास आपली गुडघेदुखी विसरून त्यांच्याबरोबर दारोदार फिरला. काहींनी दार उघडलं, एकाने “आपल्या देशात जा” म्हणून आपटलं. उल्काताईंनी तिथेही लेटरबॉक्समधून आपला कागद आत टाकला.

त्या हरल्या. निकालानंतर जिंकलेला उमेदवार हात पुढे करून म्हणाला, “तुमच्या कम्युनिटीचा सहभाग पाहून फार बरं वाटलं.”

उल्काताईंनी हात पुढे केला नाही. “माझी कम्युनिटी म्हणजे हा वॉर्ड. तुम्हाला तो माहीत नाही, हा माझा दोष नाही.”

कौन्सिलकडून पत्रकाबद्दल ईमेल आला. आपल्याला तसं वाटलं असल्यास दिलगीर आहोत, असं त्यात होतं. चुकलो, असं कुठेच नव्हतं. सेंटरच्या दाराला कुलूप लागलं. ॲप चालू झालं आणि नीनाच्या आईसारख्यांनी ते कधी उघडलं नाही. नीनाला बेकरीतले तास कमी करावे लागले.

आता चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन सकाळी सगळे जमतात. हीटर नीट चालत नाही, कोट घालूनच व्यायाम होतात. चहा आळीपाळीने करतात. नीना कामावर असते तेव्हा तिच्या आईजवळ कोण बसणार, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. यातलं एकही काम उल्काताई हसून कौतुकाने सांगत नाहीत. “हे आमचं काम नव्हतंच,” त्या म्हणतात. “जे कौन्सिलने करायचं ते या थकलेल्या माणसांवर ढकललंय.” कौन्सिलच्या प्रत्येक सभेला त्या जातात, पुढच्या रांगेत बसतात आणि नियमात बसेल असा प्रश्न विचारतात.

परवा श्रीनिवासने गाडीत विचारलं, “अगं, तुझा हा राग कधी जाणार?”

“का जावा?” उल्काताई म्हणाल्या. “चला लवकर. सभा सुरू होईल.”