चौथी पाटी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

शहराच्या कडेला साठेक घरांचं नवं ले-आउट. त्यात बौद्ध घर एकच, एका निवृत्त नर्सबाईंचं. उत्तर नागपुरातल्या त्यांच्या जुन्या वस्तीत त्यांना कधी कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. इथं फाटकावर आडनाव आणि खाली ‘जय भीम’ अशी पाटी लावली, ती आठवड्यात गायब. दुसरीही गेली, तेव्हा त्या आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. मी अदखलपात्र नोंद केली आणि वर सल्ला दिला, “बाई, पाटी नाही लावली तर नाही का चालणार?”

“मंग काय माह्याच घरात लपून राहू, साहेब?”

तिसरी गेली तेव्हा मी भानावर आलो. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, तपास एसीपी साहेबांकडे गेला, मी मदतीला होतो. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हळूच सांगितलं, “कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या पिशवीत पाटी पाहिली, साहेब.”

निवृत्त शिक्षक. पंचनाम्याला ले-आउटमधलं कुणी येईना; शेवटी इस्त्रीवाला आणि दूधवाला पंच झाले. गुरुजींच्या घरच्या दिवाणात तिन्ही पाट्या सापडल्या, जुन्या धोतरात नीट गुंडाळलेल्या.

चौकशीत मी विचारलं, “आधी कुठं राहत होता?”

“जुन्या मोहल्ल्यात. अर्धे घरं त्यायचे, अर्धे आमचे. बायको आजारी होती तं त्यायच्याच बाया डबे आणत.”

“मग इथं पाट्या काहून काढल्या?”

“इथं सारे एका तोंडाचे, साहेब. रोज बाकावर तोच विषय. एक दिवस कोणी म्हणलं, गुरुजी, तुमाले तं चालतेच ना ते लोक? मी उठलो अन् पाटी काढून आणली. सारे हसले. मंग थांबता नाही आलं.” ते रडू लागले. “पण फेकवल्या नाही गेल्या.”

मुद्देमाल ओळखायला बाई आल्या. टेबलावरच्या पाट्यांवरून हात फिरवत राहिल्या. मी म्हणालो, “पाटी लावू नका, असं पहिल्यांदा मीच सुचवलं होतं. चुकलो.”

“माहीत आहे मले,” त्या हसल्या. “म्हणून तं चौथी मोठी करून घेतली.”

माणूस तोच असतो. भोवतीची घरं बदलली की त्याचं धाडस बदलतं, आणि वर्दीतला माणूसही त्याला अपवाद नसतो, हे मी त्या टेबलाशी शिकलो. आता आमच्या सोसायटीत कुणी एकटं पडेल असं कुटुंब राहायला आलं, की पहिल्याच दिवशी जातो, पाटी वाचतो आणि त्यांना आडनावानं हाक मारतो. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.