मनं जिंकायला आलेल्या बाई

आमच्या चिनी बाईंइतकं तापट माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात झालं नाही, आणि यात मी आमच्या कंपनीतल्या भट्ट्याही धरल्या आहेत. कंपनीत चीनहून नवी यंत्रं आली, त्यांच्या मागोमाग आम्हाला चिनी शिकवायला बाई आल्या, आणि चिखलीत आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहू लागल्या. उच्चार चुकला की असा आवाज चढवायच्या, की शेजारच्या शेडमधले कामगार सायरन समजून मैदानात जमायचे. थंड पाणी पिणारा त्यांच्या लेखी गुन्हेगार. भर मे महिन्यात माझ्या हातातली फ्रिजची बाटली हिसकावून त्यांनी कुंडीत ओतली आणि मला वाफाळतं पाणी पाजलं. जीभ पोळली, तर म्हणाल्या, "आता उच्चार नीट येतील!" मराठी त्या कंपनीतल्या, कुरुळी गावच्या कामगारांकडून शिकल्या. त्यामुळे भाजीवाल्यावर तोंड सोडायच्या तेही "मी काय येडी हाय व्हय?" असं. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सूप घेऊन यायच्या, आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिच्या उशाशी उभं राहून ओरडायच्या.

अशा बाईंवर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ठपका काय ठेवावा? तर यांना गोड बोलून आपली मनं जिंकायला पाठवलंय! मोबाइलवर कुठलंसं काहीतरी वाचून आला होता. "आधी भाषा शिकवतात, मग माणसं फितवतात. मालकाला सांगू, फ्लॅट खाली करून घे."

माझं टाळकंच सटकलं. भर मीटिंगमध्ये खुर्ची लाथाडून उठलो. "गोड? अहो, या बाईंच्या तोंडून एक गोड शब्द ऐकलेला माणूस दाखवा, इथल्या इथे मिशी उतरवतो! मनं जिंकायची असती तर त्या देशाने ही बाई इकडे पाठवली असती? शत्रूवर सोडली असती, राव!"

"बघा, बघा," सेक्रेटरी सगळ्यांकडे वळून म्हणाला, "जिंकलंय की नाही यांचं मन?"

सगळे फिदीफिदी हसले. आणि खरं सांगायचं तर जिंकलं होतंच ना! मग मतदान झालं. बाईंनी घरोघरी वाटलेल्या उकडलेल्या चिनी करंज्या ज्यांनी डबे चाटूनपुसून खाल्ल्या, त्या निर्लज्जांनीसुद्धा बाईंना काढायला हात वर केले. मालक घाबरला, कंपनीनेही अंग काढून घेतलं, आणि बाई चीनला परत गेल्या. तो सेक्रेटरी आजही लिफ्टमध्ये दिसला, की मी तणतणत जिना चढतो.

परवा बाईंचा फोन आला. तिकडच्या शेजाऱ्यांना म्हणे आता संशय आहे, की ही बाई भारतात राहून फितली.

"मग काय केलंत?"

"काय करनार, भाऊ? शिव्या घातल्या. मराठीतनं."

"त्यांना कळल्या?"

"न्हाई. म्हनून तर पोटभर घातल्या."

आम्ही दोघं खूप हसलो. मग त्यांचा आवाज एकदम इतका खाली आला, की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"माजी खोली रिकामी हाय का अजून?"

समोरच्या दाराशी नव्या भाडेकरूंच्या चपला होत्या. आत त्यांचा कुकर शिट्टीला आला होता. मी घाईने आमचं दार लोटलं आणि म्हणालो, "हाय ना, बाई."